उशीजवळचे 100 हर्ट्झ: नॅरोबोटवरच्या इन्व्हर्टरचं एक प्रकरण

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट अरुंद बोटीतच संसार थाटणाऱ्यांमध्ये इन्व्हर्टरच्या आवाजाची तक्रार नेहमीची आहे. या प्रकरणात वेगळं होतं ते नवरा-बायकोचं मत. एकाच पलंगावर शेजारी झोपणाऱ्या दोघांपैकी तिला रात्रभर एक खर्जातली घुंऽऽऽ छळायची, आणि तो शपथेवर सांगायचा की आपल्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. "दादा, हा म्हणतो माझेच कान वाजतायत," असं तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी मौज वाटली. पण दोघंही खरं बोलत असतील तर प्रकरण केवळ इन्व्हर्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं नाही, हेही तेव्हाच वाटून गेलं.

तो माझा मावसभाऊ. मी मिल्टन कीन्सला राहतो आणि ग्रँड युनियन कालवा आमच्या गावातूनच जातो, त्यामुळे बोट पंधरवडाभर तरी माझ्या आवाक्यात असणार होती. नोकरीची पहिली वर्षं मी नाशिकला अंबडच्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात टेस्टिंगला काढली. तिथे ट्रान्सफॉर्मरचा आवाज हा मोजून कागदावर नोंदवायचा प्रकार होता. झोपमोडीशी त्याचा संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बोट आणि तिची वीज

बोट 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद. इथले जुने अरुंद लॉक (बोटीला पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे कालव्यातले हौद) सात फुटांचे, म्हणून नॅरोबोटी यापेक्षा रुंद होत नाहीत. तळाचा पत्रा 10 मिलिमीटर, बाजू 6, केबिन 4. आतून इन्सुलेशन आणि प्लायचं अस्तर लावलं की राहायची रुंदी साधारण 1.8 मीटर उरते. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

यांना बोट बांधायला कायमची जागा नाही. 1995च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटींना एका जागी सलग 14 दिवसांहून जास्त थांबता येत नाही, तेव्हा किनाऱ्यावरचं वीजकनेक्शन हा विषयच नाही. इंजिन चालवून बॅटरी चार्ज करायची तर तीही दिवसाउजेडी: इतर बोटींच्या जवळ मुक्काम असेल तर रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन आणि जनरेटर बंद ठेवायचे, अशी लायसन्सची अट आहे. म्हणजे रात्रीची सगळी भिस्त बॅटरी आणि इन्व्हर्टरवर.

बॅटऱ्या 12 व्होल्टच्या, 110 अँपिअर-अवरच्या चार लेड-अ‍ॅसिड, पॅरलल जोडलेल्या. छपरावर सोलर. आणि 3000 व्हीएचा इन्व्हर्टर-चार्जर, शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), आत टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर असलेला, वजन 18 किलो. बसवला होता मागच्या पायऱ्यांजवळच्या वीजकपाटात, 12 मिलिमीटर प्लायच्या पाटीशनवर. पाटीशनच्या पलीकडे झोपायची खोली. स्क्रूची टोकं आणि तिची उशी यांत हातभराचं अंतर.

बोट बांधणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हे सोयीचं: बॅटऱ्या जवळ, केबल लपलेल्या, कपाटाचं दार लावलं की काही दिसत नाही. नॅरोबोटीत जागा इतकी मोजकी असते की त्याला फार दोष देता येत नाही. पण रात्री दोन वाजता कुणाचं डोकं कुठे असेल हा विचार त्या आराखड्यात कुठेच नव्हता.

आधी करून झालेले उपाय

मी पोचलो तोवर तीन उपाय होऊन गेले होते. पहिला, पाटीशनला झोपायच्या बाजूनं स्टुडिओत लावतात तसे फोमचे चौकोन चिकटवले. फरक शून्य. 100 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी 3.4 मीटर असते, तिथे पाच सेंटिमीटर फोम काय करणार? तो फोम बोलण्यातला, भांड्यांतला घुमारा कमी करतो, खर्ज त्याच्यातून खुशाल जातो.

दुसरा उपाय घातक होता. कपाट आतून फोमनं ठासून भरलं. इन्व्हर्टरला हवा मिळेना, पंखा सतत फुल स्पीडला, आणि एका संध्याकाळी भाताला प्रेशर कुकर लावून इंडक्शन चालू असताना इन्व्हर्टर तापून बंद पडला. इन्व्हर्टरभोवती चारही बाजूंनी किमान 10 सेंटिमीटर जागा मोकळी लागते, आणि गरम झाला की त्याची क्षमताही घटते. शिवाय फोम कुठला आहे, आगीला कसा वागतो, याचा पत्ता नाही. तो सगळा फोम मी पहिल्याच दिवशी काढायला लावला.

तिसरा, स्क्रू आणखी आवळले. आवाज वाढला. मावसभावाला हे कोडं वाटत होतं, मला हा सगळ्यात चांगला पुरावा वाटला.

चौथ्या उपायाची तयारी सुरू होती. इन्व्हर्टर उघडून टोरॉइडच्या मधला बोल्ट घट्ट करायचा, असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. ते मी होऊ दिलं नाही. टोरॉइडच्या भोकातून जाणारा बोल्ट दोन्ही टोकांना धातूच्या पेटीला टेकला तर तो स्वतःच एक शॉर्ट झालेला वेढा बनतो, त्यातून प्रचंड करंट वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. वाजवीपेक्षा जास्त आवळला तर वाइंडिंगचं (तांब्याच्या वेढ्यांचं) इन्सुलेशन चेंगरतं. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही काही काळ चार्ज धरून असतात. वॉरंटी जाते ती वेगळीच. वाइंडिंग खरंच सैल असेल तर त्यावर इलाज कारखान्यात वार्निश किंवा रेझिन भरून होतो, स्वयंपाकघरातल्या पान्यानं नाही.

ट्रान्सफॉर्मर का वाजतो

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं, म्हणजे कोअरचं पोलाद चुंबकीय क्षेत्रात किंचित लांबतं-आखडतं. जेम्स जूल यांनी 1842 साली लोखंडात हे पहिल्यांदा दाखवलं. प्रमाण अगदी नगण्य, मीटरमागे एखाद-दोन मायक्रॉन. पण क्षेत्र उत्तर-दक्षिण कुठल्याही दिशेचं असलं तरी लांबी त्याच बाजूला बदलते, म्हणून 50 हर्ट्झच्या एका आवर्तनात कोअर दोनदा हलतो. आवाज 100 हर्ट्झचा, वर 200, 300, 400 चे सूर.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोअरमधलं क्षेत्र व्होल्टेजवर ठरतं, लोडवर नाही. इन्व्हर्टर चालू आहे, 230 व्होल्ट तयार होतायत, एवढं पुरे; एकही उपकरण लावलेलं नसलं तरी कोअर पूर्ण जोमानं हलत असतो. "काहीच चालू नाही तरी वाजतो म्हणजे बिघाड आहे" हा तर्क म्हणून चुकतो. लोडबरोबर वाढतो तो दुसरा आवाज, तांब्याच्या वेढ्यांवर करंटमुळे येणाऱ्या ओढाताणीचा.

महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात ज्यांनी घरी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर वापरले त्यांना आणखी एक प्रकार आठवेल: वीज गेली की पंखा नेहमीपेक्षा वेगळाच घुरघुरायला लागायचा. तो चौकोनी वेव्हमधल्या हार्मोनिक्सचा (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या जादा लहरींचा) प्रताप. इथे साइन वेव्ह शुद्ध होती, तेव्हा हा संशयित आधीच सुटला.

मोजलं काय

फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातला प्रत्येक सूर वेगळ्या रेघेनं दाखवणारं अ‍ॅप घेतलं. फोनचा माइक काही प्रमाणित उपकरण नाही, म्हणून आकडा न पाहता फक्त फरक पाहायचा: इन्व्हर्टर चालू, मग बंद, फोन त्याच जागी.

पहिली गंमत इथेच झाली. मावसभावानं आधी साध्या डेसिबल अ‍ॅपनं मोजलं होतं आणि चालू-बंदमध्ये चार-पाच डेसिबलचाच फरक आला होता. तो आकडा दाखवून त्यानं बायकोची तक्रार निकालात काढली होती. पण ही अ‍ॅप बहुधा ए-वेटिंग लावून आकडा देतात. माणसाच्या कानाला मंद आवाजात खर्ज कमी ऐकू येतो म्हणून हे वेटिंग 100 हर्ट्झला तब्बल 19 डेसिबल कापून टाकतं. वेटिंग काढलं आणि तेच मोजलं, तर तिच्या उशीवर 100 हर्ट्झची रेघ बंद अवस्थेपेक्षा 17-18 डेसिबल वर उभी होती. रात्री कालव्यावर दुसरा आवाजच नसतो, त्यामुळे एवढी एक रेघ झोप उडवायला भरपूर झाली.

मग तोच फोन त्याच्या उशीवर ठेवला. रेघ निम्म्याहून खाली.

मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात बघण्यासारखा भाग हाच. खोलीची रुंदी 1.8 मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बरोबर बसेल अशी वारंवारता काढायची तर आवाजाचा वेग 343 भागिले 3.6, म्हणजे 95 हर्ट्झ. इन्व्हर्टरचा सूर 100. नॅरोबोटीची रुंदी इंग्लंडच्या कालव्यांनी ठरवली आणि विजेची वारंवारता युरोपच्या ग्रिडनं, आणि दोन्हींची गाठ पडली ती नेमकी तिच्या उशीपाशी. आडव्या दिशेनं स्थिर लहर तयार होते: भिंतींजवळ दाब सर्वाधिक, मधोमध जवळपास शून्य. पलंग चार फुटी, डाव्या भिंतीला टेकलेला. ती भिंतीकडे झोपते, डोकं भिंतीपासून फूटभर. तो जायच्या वाटेकडे झोपतो, डोकं भिंतीपासून तीन फूट, म्हणजे बोटीच्या बरोबर मध्यरेषेवर.

मी दोघांना जागा बदलून झोपायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावसभावाचा मेसेज आला, "दादा, ऐकू येतं रे." तिनं त्याखाली काय लिहिलं ते इथे देत नाही.

गोधडीची चाचणी

आवाज हवेतून येतो की प्लायमधून, हे ठरवायला एकच सरळ मार्ग होता: इन्व्हर्टर भिंतीवरून उतरवणं. सोलर बंद, बॅटरीचा आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद, कपॅसिटर उतरायला वेळ दिला, मग स्क्रू काढले. केबलची लांबी पुरली, म्हणून जोडण्या न सोडताच तो खाली जमिनीवर, आईनं पाठवलेल्या गोधडीच्या चार घड्यांवर ठेवला. अर्थची वायर तशीच, हवेच्या जाळ्या उघड्या, आणि लोड काही नाही. दहा मिनिटांपुरता प्रयोग, पंख्याखाली कापड कायम ठेवायचं नसतं.

इन्व्हर्टर चालू केला. कपाटाशी वाकून ऐकलं तर बारीक गुणगुण होती. झोपायच्या खोलीत जाऊन दार लावलं तर ती काहीच म्हणेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चालू आहे?" पडद्यावर 100ची रेघ अगदी तळाशी गेली होती.

तंबोऱ्याची तार भोपळ्याशिवाय छेडली तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. इथे ट्रान्सफॉर्मर ही तार होती आणि प्लायचं पाटीशन हा भोपळा. स्क्रू आवळल्यावर आवाज वाढला तो त्यामुळेच, तार भोपळ्याशी अधिक घट्ट जोडली गेली.

यातून दोन हजार पौंडांच्या घरातला एक खर्च वाचला. ज्या दुकानातून इन्व्हर्टर घेतला होता तिथे "हे असेच वाजतात" म्हणून हात झटकले होते आणि वर नवा, असा जड ट्रान्सफॉर्मर नसलेला हाय-फ्रिक्वेन्सी इन्व्हर्टर सुचवला होता. तो हलका असतो, 100 हर्ट्झची घरघर करत नाही हे खरं. पण मोटार सुरू होतानाचा धक्का सोसायची त्याची ताकद बहुधा कमी असते आणि पंखा चुरूचुरू फिरतो. फ्रिज असलेल्या बोटीत मी तरी तो सुचवला नसता. ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड नव्हता, त्याला टांगलं चुकीच्या जागी होतं.

केबल आणि ड्रायर

दोन गोष्टी उरल्या होत्या ज्या नुसत्या टांगण्यानं सुटणार नव्हत्या.

एक, किटली लावली की आवाजाला कर्कश धार यायची. इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सरळ रेषेत ओढत नाही, सेकंदाला 100 हिसके देत ओढतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर लावला: 1000 वॉटच्या किटलीला 0.5 व्होल्टच्या वर रिपल (डीसी व्होल्टेजमधला चढउतार). बॅटरीच्या खांबांवर मोजला तर 0.2. मधला सगळा फरक केबल, लग (केबलच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) आणि फ्यूजच्या जोडण्यांत जात होता. केबल 50 चौरस मिलिमीटरची, प्रत्येक ध्रुवाला एकच, आणि कपाटात वळसे घेत जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर. म्हणजे नुसत्या तांब्याचा रोध 2 मिलीओहम. ऐकायला काहीच नाही, पण 3000 व्हीएच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर 12 व्होल्टला दोन-अडीचशे अँपिअर लागतात. तिथे अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो, साइन वेव्हची टोकं चपटी व्हायला लागतात, आणि हार्मोनिक्स वाढले की आवाज बोचरा होतो. प्लस आणि मायनस केबल एकमेकींपासून सुट्या धावत असल्यानं त्याही करंटच्या प्रत्येक हिसक्याला प्लायवर थरथरत होत्या. हात ठेवला की कळायचं.

बॅटऱ्यांची जोडणीही तिरपागडी होती. प्लस आणि मायनस दोन्ही एकाच टोकाच्या बॅटरीवरून घेतलेले. त्यामुळे पहिली बॅटरी मरमर राबते आणि चौथी आरामात असते. प्लस एका टोकाच्या बॅटरीवरून आणि मायनस दुसऱ्या टोकाच्या, असं तिरकं घेतलं की भार बराच समान वाटला जातो.

दोन, हेअर ड्रायर. फुल हीटवर इन्व्हर्टर नीट चालायचा, लो वर ठेवला की असा रेकायचा की ती घाबरून बंद करायची. निम्म्या वॉटेजला जास्त आवाज, हे उलटं वाटतं. पण स्वस्त ड्रायरमध्ये लो हीटसाठी नुसता एक डायोड घातलेला असतो, तो वेव्हचा अर्धा भाग कापून टाकतो. मग करंट एकाच दिशेनं ओढला जातो, कोअरवर डीसीचा भार बसतो आणि तो एका बाजूला सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची आणखी चुंबकत्व धरायची क्षमता संपते. टोरॉइडच्या कोअरला हवेची फट नसते, म्हणून तो याबाबत फारच नाजूक. अ‍ॅपवर पुरावा स्पष्ट दिसला: एरवी 100, 200, 300 अशा, 50 च्या सम पटीतल्या रेघा, ड्रायर लो वर केला की 50 आणि 150 वरही रेघा उगवल्या. यावर दुरुस्ती नाही. तो ड्रायर बोटीवर फक्त हायवर वापरायचा, नाहीतर दुसरा घ्यायचा.

टांगणी

रबर लावा असं सगळेच सांगतात. कुठलं रबर, हे सांगत नाहीत, आणि तिथेच पैसे वाया जातात. इंजिनखाली लावतात ती जाड, कडक रबरं 18 किलोच्या वस्तूखाली लावली तर ती दबतच नाहीत, आणि न दबणारं रबर म्हणजे लाकडाचा ठोकळाच.

हिशोब सोपा आहे. वस्तूच्या वजनानं रबर किती मिलिमीटर दबतं (किंवा उभ्या टांगणीत खाली सरकतं) ते पाहायचं. त्याचं वर्गमूळ काढून त्यानं 15.8 ला भागायचं. उत्तर ही त्या टांगणीची स्वतःची डुलण्याची वारंवारता, हर्ट्झमध्ये. अर्धा मिलिमीटर दबलं तर 22, एक मिलिमीटर दबलं तर 16. आपला आवाज 100 हर्ट्झचा आहे. टांगणी त्याच्या चौथाईहून खाली असली की कंपन पलीकडे फारसं जात नाही. पाव मिलिमीटरही दबत नसेल तर खर्च वाया.

आम्ही 18 मिलिमीटर प्लायचा जाड पाट घेतला, त्यावर इन्व्हर्टर बसवला. एकूण 25 किलो झालं. वजन वाढलं की टांगणी आणखी मंद होते, म्हणून पाट मुद्दाम जड. तो पाट चार मऊ रबरी बॉबिनवर टांगला, दोन्ही टोकांना स्क्रू असलेले, रबर भार घेताना आडवं कातरलं जाईल अशा बेतानं. एकेका बॉबिनवर सव्वासहा किलो. मिलिमीटरमागे सहा किलोच्या आसपास नरमाई असलेले निवडले. बॉबिनचं दुसरं टोक पाटीशनला न लावता बोटीच्या बाजूच्या पोलादी बरगड्यांना पक्क्या केलेल्या दोन उभ्या लाकडांना. पाटीशनचा आता इन्व्हर्टरशी कुठेच संबंध उरला नाही.

बॉबिनच का, तर साध्या रबरी वॉशरमधून बोल्ट आरपार जातो आणि आवळला की तो बोल्टच कंपन पलीकडे नेतो. बॉबिनमध्ये दोन्ही स्क्रूंच्या मधे निखळ रबर असतं.

आणखी तीन बारकाव्यांवर वेळ गेला. चार सिलिंडरचं इंजिन 850 आरपीएमला आयडल असताना सेकंदाला 14 फेरे मारतं, आणि आमची टांगणी 16वर. म्हणजे लॉकमध्ये पाणी चढायची वाट बघत इंजिन चालू असताना पाट डुलणार हे कागदावरच दिसत होतं. म्हणून चारी बाजूंना तीन मिलिमीटर फट ठेवून मऊ अडसर लावले. पाट डुलतो, पण तेवढाच. दुसरं, डिझेल-तेलाच्या वाफांनी नैसर्गिक रबर कालांतरानं फुगतं, तुटतं. एक दिवस 25 किलोचा पाट पायऱ्यांवर यायला नको, म्हणून खाली सैल पोलादी पट्टी, एरवी कुठेही न टेकणारी. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: रबरावर टांगलेली पेटी विजेच्या दृष्टीनंही बोटीपासून सुटी होते. तिला मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीची स्वतंत्र अर्थ वायर बोटीच्या अर्थ बिंदूपर्यंत नेलीच पाहिजे, लवचीक आणि थोडी सैल. पोलादी बोटीत, पाण्यावर, हे काम ज्याचा हात त्यात बसलाय त्यानंच करावं. शेवटच्या जोडण्या आम्ही एका मरीन इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्या आणि आरसीडीची (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) चाचणीही त्याच्याकडूनच करून घेतली.

केबल बदलल्या: प्रत्येक ध्रुवाला 50 चौरस मिलिमीटरच्या दोन-दोन, एका दिशेला दीड मीटर, फ्यूज मॅन्युअलप्रमाणे 400 अँपिअर. रोध 2 मिलीओहमवरून अर्ध्या मिलीओहमवर आला, किटलीचा रिपल 0.3 व्होल्टच्या आत. प्लस-मायनस एकत्र बांधले. टर्मिनलपाशी लवचीक केबलचा मोकळा झोका ठेवला आणि पहिला क्लॅम्प पाटापासून हातभर लांब मारला. जाड केबल पाटाजवळच घट्ट आवळली तर ती रबराला वळसा घालून कंपन पोचवते, आणि मग माणूस रबराला नावं ठेवतो.

खर्चात जवळपास सगळा वाटा केबल, लग आणि इलेक्ट्रिशियनचा. चार बॉबिन त्यात कुठे दिसतही नाहीत.

रात्री चालू ठेवायचा कशाला

आवाजाचं काम झालं होतं. तिच्या उशीवर 100ची रेघ 14-15 डेसिबल उतरली, आणि जी उरली ती कान लावून शोधावी लागत होती. पण मोजमाप करताना दुसराच आकडा डोळ्यांत आला होता. हा इन्व्हर्टर काहीही लोड नसताना 20 वॉट खातो. दिवसाचे 480 वॉट-अवर, म्हणजे बॅटरीतून 40 अँपिअर-अवर. लेड-अ‍ॅसिड निम्म्यापेक्षा खाली उतरवायची नाही म्हटलं तर यांच्या 440 मधले 220च वापरायचे. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा नुसत्या गुणगुणण्यात जात होता.

आणि रात्री चालत होतं काय? राउटर, फोनचे चार्जर आणि 230 व्होल्टचा लहान फ्रिज. फ्रिजचं लेबल पाहिलं तर दिवसाला सरासरी 300 वॉट-अवर. फ्रिजला वीज पुरवण्यासाठी जागा राहणारा इन्व्हर्टर फ्रिजपेक्षा जास्त खात होता.

मावसभावाला सर्च मोड हा सोपा मार्ग वाटला: इन्व्हर्टर झोपतो, दर काही सेकंदांनी डोकावून बघतो कुणी लोड लावला का, आणि लागला तर जागा होतो. वापरून पाहिला. राउटर इतकं कमी खातो की इन्व्हर्टरला तो लोड वाटतच नाही, फ्रिजचा थर्मोस्टॅटही गोंधळतो, आणि घुंऽऽऽच्या जागी टक... टक... टक... सुरू झालं. तिनं एका रात्रीत तो प्रयोग बंद पाडला, आणि माझ्या मते बरोबर केलं. सलग आवाजाला कान कधीतरी सरावतो, ठोक्याची मात्र वाट बघत बसतो.

राउटर आणि चार्जर थेट 12 व्होल्टवर घेतले, फ्यूजसकट. बहुतेक राउटरना आतून 12 व्होल्टच लागतात. 12चे 230 करून पुन्हा 12 करायचे हा द्राविडी प्राणायाम आहे. फक्त बॅटरी चार्ज होताना 14 व्होल्टच्या वर जाते, म्हणून मधे स्थिर 12 देणारा छोटा कन्व्हर्टर बसवला. इन्व्हर्टरला पलंगाजवळ रिमोट स्विच आला.

फ्रिजचं मात्र अडलं. रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेवून, आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून पाहिलं. थंडीच्या दिवसांत तापमान 5 अंशांच्या आत राहिलं, इंग्लंडमध्ये फ्रिजसाठी तीच मर्यादा सांगितली जाते. मे महिन्याच्या उन्हात पोलादी बोट तापली आणि पहाटे थर्मामीटर 8 दाखवायला लागला. दूध, ताक, शिळी आमटी यांच्याशी खेळ नको म्हणून तो बेत सोडला आणि 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घेतला. तो साध्या फ्रिजच्या दुपटीहून महाग पडतो आणि त्यावरून घरात आठवडाभर वाद चालला. शेवटी वाचणाऱ्या अँपिअर-अवरचा हिशोब तिनंच त्याला मांडून दाखवला: तेवढं भरून काढायला हिवाळ्यात, सोलर नावालाच असताना, इंजिन रोज किती वेळ जास्त चालवावं लागतं आणि डिझेल किती लागतं.

आता इन्व्हर्टर सकाळी किटलीसाठी सुरू होतो आणि रात्री जेवणं आटोपली की बंद. झोपायची जागा त्यांनी पुन्हा बदललेली नाही; भिंतीकडे तोच झोपतो. पाटीशनवर फोम चिकटवल्याचे डाग आहेत, ते काढायला तो सॉल्व्हंट शोधतोय. बॉबिनच्या रबराला भेगा पडल्यात का हे दर सहा महिन्यांनी बघायचं, असं कपाटाच्या दाराला आतून मराठीत लिहून लावलंय, आणि पुढच्या बोट सेफ्टी तपासणीला परीक्षक आला की ते त्याला समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलंय.